वकीलपत्रावर सही करण्याआधी

दिवाणी न्यायालयाचे समन्स हातात पडले की कायद्याने दिलेली मुदत त्याच दिवशी सुरू होते. प्रतिवादीने ३० दिवसांत आपली कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करायची असते. न्यायालयाने कारणे नोंदवून मुदत वाढवली तर ती ९० दिवसांपर्यंत जाते. त्यानंतर कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा हुकूम होऊ शकतो आणि तो रद्द करून घ्यायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा खर्च आणि पुन्हा न्यायालयाला पटेल असे कारण शोधणे आले. या घाईत माणूस वकील शोधायला निघतो. भावकीत विचारतो, गावच्या पुढाऱ्याला विचारतो, कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टला विचारतो. उत्तरे ठरलेली असतात: अमुक वकील आपल्या ओळखीचे आहेत, तमुक वकिलांचे जिल्ह्यात नाव आहे, आणि तिसऱ्यांनी तर कागद पाहून सांगितलेच की निकाल आपल्याच बाजूने लागणार. ओळख, नाव आणि खात्री या तीन मापांनी बहुतेक वकील निवडले जातात. माझे म्हणणे असे की या तिन्हींनी वकिलाचा विश्वासूपणा मोजता येत नाही. ज्याचे काम तुम्हाला पावलोपावली तपासता येते आणि जो ते तपासू देतो, तो विश्वासू वकील. आधी विश्वास टाकायचा आणि मग डोळे मिटून बसायचे, हा क्रमच चुकीचा आहे.

हा आग्रह निवडीच्या वेळीच का धरायचा, याचे कारण आपल्या कायद्यात आहे. वकिलाच्या हलगर्जीमुळे नुकसान झाल्यावर पक्षकाराच्या हाती फार थोडे उपाय उरतात. ग्राहक मंचात जाण्याची वाट काही काळ उघडी वाटत होती. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ साली म्हटले होते. पण १४ मे २०२४ रोजी ‘बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पक्षकाराचे वकिलावर बरेच नियंत्रण असते, म्हणून हा व्यक्तिगत सेवेचा करार ठरतो आणि तो ग्राहक कायद्याच्या बाहेर राहतो, असे त्या निकालाचे सार आहे. या कारणमीमांसेकडे सामान्य पक्षकाराने नीट लक्ष द्यावे. पक्षकार वकिलावर नियंत्रण ठेवतो असे कायदा गृहीत धरतो. प्रत्यक्षात बहुतेक पक्षकारांना पुढची तारीखही माहीत नसते. शिस्तभंगाची तक्रार अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य वकील परिषदेकडे करता येते. महाराष्ट्र आणि गोवा यांची परिषद एकच आहे. तक्रार एका वर्षात निकाली निघाली नाही तर ती भारतीय वकील परिषदेकडे जाते. दोषी वकिलाला समज देता येते, त्याची सनद काही काळ निलंबित करता येते किंवा कायमची काढून घेता येते. मात्र हातची गेलेली जमीन परत देण्याचा अधिकार त्या समितीला नाही.

वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा पक्षकाराला होऊ नये, अशी एक समजूत आहे आणि तिला आधारही आहे. ‘रफीक विरुद्ध मुन्शीलाल’ या १९८१ च्या निकालात, वकील हजर न राहिल्यामुळे फेटाळले गेलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुनावणीसाठी उच्च न्यायालयाकडे पाठवले. खेड्यातल्या माणसाने वकील नेमला, फी दिली, सांगितलेले सगळे केले. यापुढे त्याने उच्च न्यायालयात जाऊन वकील आला की नाही हे पाहत बसावे अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्यातला न्याय्य विचार होता. पण १९९३ साली कोलकात्याच्या एका कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की असा सरसकट नियम नाही. शिकलेल्या, व्यवहारी पक्षकाराला सगळा दोष वकिलावर टाकून मोकळे होता येणार नाही. आज ज्याच्या खिशात मोबाईल आहे, त्याला ‘मला काही कळवलेच नाही’ हे कारण पूर्वीइतके सहज पटवून देता येत नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची मुदत ३० दिवसांची आहे. विलंब माफ होऊ शकतो, पण तो मागावा लागतो आणि त्यासाठी पटणारे कारण द्यावे लागते.

आता ज्या कागदावर सही केली जाते, तो पाहू. वकीलपत्र हा छापील नमुना असतो आणि बहुतेक जण तो न वाचता खाली सही करतात. त्यात दावा चालवणे, अर्ज देणे, पैसे काढणे, दुसरा वकील जोडून घेणे यांबरोबर तडजोड करण्याचा अधिकारही अनेकदा दिलेला असतो. पक्षकाराची स्वतःची सही नसली तरी त्याने अधिकार दिलेल्या वकिलाची तडजोडीवरची सही चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मुंबईतल्या एका बँकेच्या प्रकरणात ठरवले. २०१५ च्या एका निकालात न्यायालयाने दुसरी बाजूही ठामपणे मांडली: पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय त्याच्या मूळ हक्कावर पाणी सोडणारी कबुली वकिलाने देऊ नये. दोन्ही निकाल एकत्र वाचले की करायचे काम समजते. वकीलपत्रातले तडजोडीचे वाक्य वाचावे, आणि ‘माझ्या लेखी संमतीशिवाय तडजोड किंवा दावा काढून घेणे नाही’ अशी ओळ त्यात घालता येईल का, हे विचारावे. चांगला वकील यावर रागावत नाही. उलट नंतरचा वाद टळतो म्हणून ती ओळ स्वतःहून घालतो. कोऱ्या कागदावर, कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर किंवा मजकूर न भरलेल्या पुरशिसवर, म्हणजे न्यायालयाला द्यायच्या लेखी निवेदनावर, सही मागितली जात असेल, तर मात्र कारण कितीही सोयीचे सांगितले तरी सही देऊ नये. ‘तुम्ही लांबून येता, परत हेलपाटा नको’ हे कारण खरे असेलही. पण त्या सहीनंतर तुमच्या नावाने काय दाखल झाले, हे तपासण्याचा मार्ग तुम्हीच बंद केलेला असतो.

खात्रीच्या बोलण्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण घाबरलेल्या माणसाला तेच सर्वांत हवेसे वाटते. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा दाव्यात मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेणे वकिलाला मना आहे. जाहिरात करून कामे मिळवणेही मना आहे. म्हणजे ‘जिंकलात तरच पैसे द्या’ किंवा ‘जमीन मिळाली की दोन गुंठे माझे’ असे जो म्हणतो, तो पहिल्याच भेटीत आपल्या व्यवसायाचा नियम मोडतो. एरवी, निकालाची खात्री देणे हे अज्ञानाचे लक्षण असते किंवा गिऱ्हाईक धरण्याचे. वाटपाचा दावा घ्या. महाराष्ट्राच्या तालुका न्यायालयांत याहून ओळखीचे प्रकरण नसेल. बहिणीने वडिलांच्या शेतात हिस्सा मागितला आहे, सातबारावर फक्त भावांची नावे आहेत आणि भाऊ वकिलाकडे गेले आहेत. सातबारा पाहून ‘नावे तुमची आहेत, काळजी नको’ असे म्हणणाऱ्या वकिलाने अजून काहीच पाहिलेले नाही. जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः कमावलेली? वडील कधी वारले, मृत्युपत्र आहे का? फेरफार कोणत्या आधारावर झाला? बहिणीने हक्कसोडपत्र दिले असेल तर ते नोंदणीकृत आहे का? पूर्वी वाटप झाल्याचे म्हणणे असेल तर ते नोंदणीकृत दस्ताने झाले की नुसते तोंडी, आणि २० डिसेंबर २००४ च्या आधीचे की नंतरचे? कारण हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मानेच सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची वाटेकरी, केले, सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५ साली हयात असण्याची अट काढून टाकली, आणि जुन्या वाटपाला २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या नोंदणीकृत दस्ताचे किंवा हुकूमनाम्याचे संरक्षण ठेवले. तोंडी वाटपाचे म्हणणे सहज मान्य होत नाही. महाराष्ट्रात तर त्याही आधी, १९९४ सालची राज्याची दुरुस्ती होती, जिचा लाभ तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना मिळाला. हे सगळे विचारून झाल्यावर जो वकील भावांना सांगतो की ‘बहिणीची बाजू भक्कम आहे, हिस्सा देऊन मिटवा, आणि लढायचेच असेल तर या दोन मुद्द्यांवरच लढता येईल’, त्याचे म्हणणे कडू लागते. पण पुढची दहा वर्षे आणि भावंडांचे नाते वाचवणारा सल्ला तोच असतो. पहिल्या भेटीत वकील किती बोलला यापेक्षा त्याने किती विचारले याकडे पाहावे. आणि आपल्या बाजूत कच्चे काय आहे, हे त्याच्याकडून ऐकल्याशिवाय उठू नये.

यावर योग्य आक्षेप असा येतो की कायदा न जाणणाऱ्याने वकिलाची विद्वत्ता तपासायची कशी? सामान्य माणसाला ती तपासता येत नाही, हे मान्य. पण पक्षकाराला सर्वांत महाग पडणाऱ्या चुका पाहिल्या तर त्यांतल्या पुष्कळ चुकांचा विद्वत्तेशी संबंध नसतो. कैफियत मुदतीत गेली नाही, साक्षीदार हजर असताना वकील नव्हता, अपिलाची मुदत उलटली, धनादेश न वटल्याची नोटीस बँकेचा शेरा मिळाल्यापासून ३० दिवसांत पाठवायची होती ती गेली नाही. या चुका तारखांच्या आहेत आणि तारखा कोणालाही वाचता येतात. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा आणि अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर टाकला की पुढची तारीख, ती कशासाठी ठेवली आहे, आणि मागच्या तारखांना काय झाले याच्या नोंदी दिसतात. त्या नोंदी कधी त्रोटक असतात, कधी उशिरा भरल्या जातात. तरीही सहा महिन्यांच्या नोंदी सलग वाचल्या की आपल्याच वकिलाने मुदतीचे अर्ज किती दिले, हे कळते. त्याच ठिकाणी वकिलाच्या नावाने किंवा सनद क्रमांकाने प्रकरणे शोधण्याचीही सोय आहे. आपल्याला नेमायच्या वकिलाकडे याच न्यायालयात, याच प्रकारची कामे आहेत का, ती पुराव्यापर्यंत पोहोचतात का, हे त्यातून पाहता येते. किती दावे जिंकले याची बेरीज मात्र करू नये. अवघड प्रकरणे घेणारा वकील जास्त हरतो आणि त्यात त्याचा कमीपणा नाही. याहून जुना आणि मला अधिक भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे न्यायालयात जाऊन बसणे. काही अपवाद सोडले तर आपली न्यायालये सर्वांना खुली असतात. एक सकाळ मागच्या बाकावर बसून पाहावे: पुकारा झाल्यावर वकील उभा राहतो का, त्याला स्वतःची फाईल माहीत आहे का, उलटतपास तो कागद वाचून घेतो की उत्तर ऐकून पुढचा प्रश्न करतो, न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो का. यासाठी कायद्याची पदवी लागत नाही.

नावाजलेल्या वकिलांबद्दल एवढेच सांगतो की नाव ज्याचे तो आणि प्रत्यक्ष काम करणारा, ही माणसे एकच आहेत का, हे आधी विचारावे. उच्च न्यायालयाने किंवा सर्वोच्च न्यायालयाने ‘वरिष्ठ अधिवक्ता’ म्हणून नियुक्त केलेले वकील स्वतः वकीलपत्र दाखल करत नाहीत. त्यांच्यासोबत दुसरा वकील असतो आणि तुमचे रोजचे नाते त्या दुसऱ्याशी असते. जिल्हा पातळीवरही मोठ्या कार्यालयातून तारखेला ज्युनिअर येतात. त्यात गैर काही नाही. मेहनती ज्युनिअरने बारकाईने वाचलेली फाईल कित्येकदा सिनिअरच्या ओझरत्या नजरेपेक्षा उपयोगी पडते. प्रश्न एवढाच विचारायचा: कैफियत कोण लिहिणार, उलटतपास कोण घेणार, आणि अंतिम युक्तिवादाला कोण उभे राहणार? उत्तर नाव घेऊन मिळायला हवे.

फीच्या बाबतीत आपल्याकडे दोन्ही बाजूंना एक संकोच असतो आणि त्या संकोचातूनच पुढची भांडणे होतात. वकिलाची फी, न्यायालयाचे शुल्क म्हणजे स्टँप, आणि नकला, टंकलेखन, बेलिफ भत्ता, प्रवास असा किरकोळ खर्च, हे तीन हिशेब वेगळे आहेत. ते एका आकड्यात सांगितले गेले तर वेगळे करून मागावेत. फी एकरकमी की टप्प्याटप्प्याने, मनाई अर्जाची वेगळी का, अपिलाची यात धरली आहे का, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही केली तरी पुरते. पक्षकाराकडून आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणे हे वकील परिषदेच्या नियमांनी वकिलाचे कर्तव्यच ठरवले आहे, त्यामुळे पावती मागण्यात अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही. एका मागणीबाबत मात्र अजिबात सवलत देऊ नये. ‘साहेबांना द्यावे लागतील’ किंवा ‘वर पोहोचवावे लागतील’ असे शब्द आले की तिथून उठावे. लोकसेवकावर प्रभाव टाकण्यासाठी पैसे घेणे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७अ खाली गुन्हा आहे आणि देणाराही कलम ८ मध्ये अडकतो. बहुतेकदा ते पैसे कुठेच पोहोचत नाहीत. निकाल बाजूने लागला तर श्रेय मिळते, विरोधात गेला तर ‘समोरच्याने जास्त दिले’ म्हणता येते. जो माणूस न्यायाधीशाच्या नावाने तुम्हाला फसवतो, तो तुमच्या नावाने समोरच्याशी काय बोलत असेल, याचाही विचार करावा.

तालुक्याच्या ठिकाणी सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे हितसंबंधांचा प्रश्न तिथे अधिक नाजूक असतो. वाद भावांमधला असेल तर घरचा जुना वकील दोघांचाही असतो. खरेदीखताचा मसुदा त्यानेच केलेला असतो. विरुद्ध पक्षाशी किंवा वादाच्या विषयाशी आपला काही संबंध असेल तर तो पक्षकाराला आधीच पूर्णपणे सांगणे नियमाने वकिलावर बंधनकारक आहे, आणि ज्या प्रकरणात एका बाजूचे निवेदन तयार केले त्यात दुसऱ्या बाजूचे काम घेता येत नाही. पण हे सांगण्याची वाट पाहत बसू नये, थेट विचारावे. ओळखीचा वकील नको, असे मी म्हणत नाही. ओळखीमुळे वेळ मिळतो, फी थोडी सांभाळून घेतली जाते. अडचण अशी की ओळखीच्या वकिलाला प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. तो तारखेला गेला नाही तरी आपण गप्प बसतो. ज्याला जाब विचारता येणार नाही इतके जवळचे नाते असेल, त्याला सल्ला विचारावा, काम दुसऱ्याला द्यावे. पक्षकाराचीही एक बाजू आहे. वकिलाला अर्धेच सांगून त्याच्याकडून पूर्ण कामाची अपेक्षा करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार व्यवसायाच्या नात्याने सांगितलेली गोष्ट वकिलाला तुमच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही आणि काम संपल्यावरही हे बंधन राहते; बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेले बोलणे हा मोठा अपवाद. तेव्हा हक्कसोडपत्रावर सही झाली असेल तर ती पहिल्याच दिवशी सांगावी, उलटतपासात बाहेर येऊ देऊ नये.

‘हे सगळे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी, गरिबाला निवड कुठे आहे?’ हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्याचे उत्तर पूर्ण समाधानाचे नाही, पण पुष्कळांना माहीत आहे त्यापेक्षा चांगले आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा राज्य ठरवते. म्हणजे वर सांगितलेल्या वाटपाच्या दाव्यातली बहीण कितीही सुस्थितीत असली तरी तिला हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुक्याला समितीचे कार्यालय असते. १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. फुकटचा वकील लक्ष देत नाही ही तक्रार काही वेळा खरी असते. पण इथे पक्षकाराला एक गोष्ट मिळते जी खासगी वकिलाकडे नसते: वर तक्रार करता येईल असे कार्यालय. प्रकरणाची प्रगती कळवा असे तिथे लेखी मागता येते, वकील बदलून मागता येतो. तपासण्याचा आग्रह मोफत वकिलाबाबतही तोच धरावा. पैसे दिले नाहीत म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क गेलेला नसतो.

राहिला प्रश्न नेमलेला वकील बदलण्याचा. इथे लोक दोन टोकांना जातात. दावा लांबला की वकील बदलणारे काही असतात. पण न्यायाधीशाची जागा रिकामी असणे, समन्स न बजावले जाणे, समोरच्याचे मुदतीचे अर्ज, यांचा दोष तुमच्या वकिलावर टाकणे अन्याय आहे. विलंब कोणामुळे झाला हे तारखांच्या नोंदीतून कळते, ते पाहूनच ठरवावे. दुसरे टोक म्हणजे ‘फाईल त्यांच्याकडे अडकली आहे, फी बाकी आहे, ना हरकत देणार नाहीत’ म्हणून वर्षानुवर्षे त्याच वकिलाकडे राहणे. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे की फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. फीसाठी त्याला कायदेशीर मार्ग मोकळे आहेत, कागद मात्र परत द्यावे लागतात. तेव्हा राहिलेली फी किती, ते लेखी विचारावे. कागद मागणारे पत्र पोच घेऊन किंवा नोंदणीकृत टपालाने द्यावे. ना हरकत मिळाली नाही तर तसे नमूद करून नव्या वकिलामार्फत न्यायालयाची परवानगी मागावी. आणि मूळ दस्त कोणत्याही वकिलाकडे कायमचे ठेवायचेच नाहीत. खरेदीखत, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र यांच्या छायाप्रती वकिलाकडे, मूळ प्रती घरात. न्यायालयात मूळ प्रत हजर केली असेल तर तिचा निशाणी क्रमांक आपल्या वहीत लिहिलेला हवा. दावा, कैफियत आणि महत्त्वाच्या हुकुमांच्या सही-शिक्क्याच्या नकला नक्कल विभागातून वेळच्या वेळी काढून ठेवल्या, तर नव्या वकिलाला काम हाती घ्यायला जुन्या वकिलाची वाट पाहावी लागत नाही.